रोजची भाकर, रोजची प्रार्थना

आज नाताळ. वसईच्या वाड्यांतून, मुंबईच्या जुन्या गावठाणांतून, अहिल्यानगर-सोलापूरकडील मंडळ्यांतून आणि शेजारच्या गोमंतकात काल रात्री उशिरापर्यंत उपासना चालल्या. घरांवर कागदी तारे झळकत आहेत, अंगणांत गव्हाणी मांडल्या गेल्या आहेत. आमच्या कित्येक वाचकांच्या घरी शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून नेवऱ्यांचे आणि केकचे ताट आज येईल, जसे दिवाळीत आपल्याकडून त्यांच्याकडे गेले होते. ताटांची ही देवघेव महाराष्ट्राला नवी नाही. तथापि त्या ताटाची आपल्याला जितकी ओळख आहे, तितकी त्या घरातील प्रार्थनेची नाही. दारावरचा तारा दिसतो. त्या ताऱ्याखालचे घर रात्री निजण्यापूर्वी काय म्हणते, हे आपण सहसा विचारीत नाही. सणाविषयी आज पुष्कळ लिहिले व बोलले जाईल. आम्ही मात्र सण सरल्यावर मागे उरणाऱ्या गोष्टीविषयी, म्हणजे ख्रिस्ती माणसाच्या नित्याच्या प्रार्थनेविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

यामागे आमचा हेतू साधा आहे. कोणत्याही धर्माची ओळख त्याच्या उत्सवातून होते, परंतु त्याचा कस लागतो तो बिनसणाच्या दिवशी. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरी लोटणारी गर्दी सर्वांना दिसते. पण एखाद्या आडगावच्या घरात, कोणी पाहत नसताना, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस तुळशीपाशी दिवा लावणारी गृहिणी नसती, तर त्या गर्दीला अर्थ राहिला नसता. आमच्या भाविक वाचकांना हे निराळे सांगावयास नको. म्हणूनच, आपल्या शेजाऱ्याच्या घरी या तुळशीच्या दिव्यासारखे काय आहे, हे जाणून घेण्यात त्यांना रस वाटेल, असा आमचा विश्वास आहे.

ख्रिस्ती प्रार्थनेच्या मुळाशी एक अगदी लहान प्रार्थना आहे. ती म्हणावयास अर्धे मिनिटही लागत नाही. येशूला एके ठिकाणी प्रार्थना करताना शिष्यांनी पाहिले आणि प्रार्थना संपल्यावर त्यांच्यापैकी एकाने आपणांसही प्रार्थना करावयास शिकवावे अशी विनंती केली, असे लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. हे शिष्य काही प्रार्थनेला अनोळखी नव्हते. ते यहुदी होते. सकाळ-संध्याकाळ देवाचे एकत्व उच्चारण्याचा आणि स्तोत्रे गाण्याचा संस्कार त्यांना लहानपणापासून होता. तरीही त्यांना मागावेसे वाटले, कारण समोरच्या माणसाच्या प्रार्थनेत त्यांना आपल्या प्रार्थनेत नसलेले काही जाणवले असावे. उत्तरादाखल येशूने जी प्रार्थना सांगितली, तिला ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणतात. कॅथलिक असो, प्रॉटेस्टंट असो की पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथाचा असो, प्रत्येक ख्रिस्ती घरात ती म्हटली जाते. प्रथम देवाला पिता म्हणून हाक, मग त्याच्या नामाची, राज्याची व इच्छेची थोरवी, आणि त्यानंतर माणसाची मागणी, असा तिचा क्रम आहे.

या मागण्यांतील पहिली मागणी अन्नाची आहे. प्रचलित मराठी बायबलात तेथे ‘भाकर’ हा शब्द आला आहे, आणि त्या एका शब्दाने पॅलेस्टाइनमधील प्रार्थना देशावरच्या चुलीपाशी येऊन बसली आहे. पण आमचे लक्ष वेधून घेते ते भाकरीपेक्षाही तिचे प्रमाण. कोठार मागितलेले नाही, वर्षाची बेगमी मागितलेली नाही. मागितली आहे ती आजच्या दिवसाची भाकर. मूळ ग्रीक शब्दाच्या नेमक्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, परंतु मागणी जवळच्या दिवसापुरती आहे याविषयी फारसा वाद नाही. यहुद्यांच्या जुन्या कथेत याचे मूळ सापडते. मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटलेले लोक रानात भटकत असता देवाने त्यांना ‘मान्ना’ नावाचे अन्न दिले. ते रोज सकाळी, त्या दिवसापुरतेच वेचावयाचे होते. ज्यांनी लोभाने उद्यासाठी राखून ठेवले, त्यांच्या साठ्यात किडे पडले. केवळ शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसासाठी आदल्या दिवशी दुप्पट वेचण्याची मुभा होती. एका दिवसाचे अन्न मागणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा मागावे लागते. म्हणजेच ही प्रार्थना मुळातच रोज म्हणावी लागेल अशी घडविलेली आहे. आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केले. त्या भाषेत बोलावयाचे तर नाताळ हे नैमित्तिक आहे आणि ही प्रार्थना नित्य आहे.

दुसरी मागणी याहून अवघड आहे. ती क्षमेची आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पापासाठी ‘ऋण’ या अर्थाचा शब्द योजला आहे: आम्ही आमच्या ऋणकोंना जसे सोडले तसे तूही आमचे ऋण सोड, असा त्या मागणीचा आशय आहे. या संपूर्ण प्रार्थनेत मागणाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेली अट आहे ती एवढीच. देवाकडे मागताना आपण सहसा त्याच्या औदार्याची आठवण करून देतो. येथे प्रार्थना करणारा आपल्याच औदार्याचे माप देवाच्या हाती देतो आणि याच मापाने मला मोज म्हणतो. ज्याने सकाळी भावाशी बांधावरून भांडण केले आणि संध्याकाळी ही प्रार्थना म्हटली, त्याने आपल्याविरुद्धच निकाल मागून घेतला असे होते. मत्तयाच्या वृत्तांतात प्रार्थना सांगून झाल्यावर येशू तिच्यातील याच एका मुद्द्याकडे पुन्हा वळतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. भाकर रोज लागते, तशी क्षमाही रोज लागते, असे या दोन मागण्या शेजारी ठेवण्यातून सुचविले गेले आहे.

आता, ‘रोज’ म्हणणे सोपे. रोज करणे कठीण. ख्रिस्ती परंपरेचा दोन हजार वर्षांचा इतिहास एका दृष्टीने हे ‘रोज’ कसे सांभाळावे याच खटपटीचा इतिहास आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या ‘दिदाखे’ नावाच्या छोट्या ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी असा आदेश आहे. त्रिकाल संध्येची परंपरा जपणाऱ्या आमच्या वाचकांना हा आकडा परिचित वाटेल. पुढे सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्ट नावाच्या संन्याशाने मठवासीयांसाठी नियम लिहिले. रात्रीची एक आणि दिवसाच्या सात अशा वेळा त्याने प्रार्थनेसाठी बांधून दिल्या आणि बायबलातील दीडशेही स्तोत्रे आठवड्यात एकदा पूर्ण व्हावीत अशी योजना केली. उरलेल्या वेळी शेतात वा कारखान्यात अंगमेहनत आणि धर्मग्रंथांचे वाचन.

या नियमांतील दोन गोष्टी आम्हांला फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, मठाची कोठी सांभाळणाऱ्याने तेथील सर्व भांडीकुंडी व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावीत, असे बेनेडिक्टने बजाविले आहे. खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. कुदळ, विळा, तराजू यांना हळदकुंकू वाहतो. बेनेडिक्टची अपेक्षा ही की तो भाव वर्षाचे सर्व दिवस टिकावा आणि फावडे जागेवर न ठेवणे हाही ईश्वराचा अनादर समजला जावा. दुसरी गोष्ट अशी की, सकाळच्या व सायंकाळच्या प्रार्थनेच्या शेवटी मठाधिपतीने प्रभूची प्रार्थना सर्वांना ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणावी. याचे कारणही त्याने दिले आहे: एकत्र राहणाऱ्या माणसांत कुरबुरींचे काटे उगवतच असतात, आणि क्षमेचा तो करार दिवसातून दोनदा कानांवर पडला म्हणजे ते काटे निघतात. संन्याशांच्या मठातही रोज भांडणे होतात हे इतक्या सरळपणे मान्य करणारा हा माणूस एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही आपला वाटेल.

मठाबाहेरच्या शेतकऱ्याला, कारागिराला स्तोत्रे पाठ करावयास सवड नव्हती, अक्षरओळखही नव्हती. त्याच्यासाठी घंटा आली. सकाळी, दुपारी व सायंकाळी चर्चची घंटा वाजली की हातचे काम थांबवून एक छोटी प्रार्थना म्हणावयाची, हा प्रघात युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून रूढ होत गेला. तिला ‘आंजेलुस’ म्हणतात. देवदूताने मरियेला पुत्रजन्माची वार्ता दिली आणि तिने ती नम्रपणे स्वीकारली, या प्रसंगाचे ते स्मरण आहे. म्हणजे नाताळचे बीज दिवसातून तीन वेळा आठवण्याची ही युक्ती होय. फ्रेंच चित्रकार मिले याने १८५७ ते १८५९ या काळात रंगविलेले याच नावाचे चित्र जगप्रसिद्ध आहे. बटाट्याच्या शेतात एक पुरुष व एक स्त्री माना खाली घालून उभी आहेत. पायाशी टोपली, शेजारी मातीत रोवलेले खोरे, आणि दूर क्षितिजावर चर्चचा मनोरा. चित्रात देव कोठेच नाही. दिवेलागणीला हात जोडणारी आपली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

घंटेचा विषय निघाला म्हणून एक आठवण सांगणे योग्य होईल. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चमधील अनेक घंटा मराठ्यांनी देशावर आणल्या आणि त्या देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकराला अशी एक घंटा आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर जी मोठी घंटा आहे, तीही वसईच्या मोहिमेतली म्हणून ओळखली जाते. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आणि १७०७ हे साल आजही दिसते. ती विजयाची खूण म्हणून आली हे खरे, आणि इतिहास झाकण्याचे काही कारण नाही. परंतु एकेकाळी ख्रिस्ती उपासनेसाठी घडविलेला तो धातू पुढे कृष्णाकाठच्या भाविकांच्या कानी पडत राहिला, ही गोष्टही आमच्या पूर्वजांच्या मनाच्या मोकळेपणाची साक्ष म्हणून ध्यानात ठेवावी.

ठराविक वेळेची प्रार्थना झाली. मधल्या वेळेचे काय? या प्रश्नाचे उत्तर एका स्वयंपाक्याने दिले आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधील लॉरेन प्रांतात निकोला हेरमां नावाचा एक गरीब तरुण होता. अठराव्या वर्षी, हिवाळ्यात, पाने झडून गेलेले एक झाड पाहून त्याच्या मनात आले की थोड्याच दिवसांत हे पुन्हा पालवेल, फुलेल, फळेल. आणि ते पालविणाऱ्याच्या सामर्थ्याचा त्याला त्या क्षणी जो प्रत्यय आला तो जन्मभर पुसला नाही. पुढे तो सैनिक झाला, लढाईत जखमी झाला आणि पायाने अधू झाला. १६४० साली पॅरिसमधील कार्मेल पंथाच्या मठात तो साधा सेवक-बंधू म्हणून दाखल झाला. तेथे त्याचे नाव ब्रदर लॉरेन्स. विद्वत्ता नसल्याने त्याच्या वाट्याला मुदपाकखाना आला. या कामाची त्याला मनापासून नावड होती. तरीही सुमारे पंधरा वर्षे त्याने ते केले. नंतर तो वहाणा दुरुस्त करू लागला. १६९१ मध्ये तो वारला. त्याची काही पत्रे आणि त्याच्याशी झालेल्या संभाषणांची टिपणे एका धर्मगुरूने नंतर प्रसिद्ध केली. ईश्वराच्या सान्निध्याचा अभ्यास सांगणारे ते लहानसे पुस्तक आज कॅथलिक व प्रॉटेस्टंट दोघेही सारख्याच आदराने वाचतात.

या स्वयंपाक्याचे सांगणे तरी काय होते? तव्यावरचे धिरडे उलटताना ते देवाच्या प्रेमासाठी उलटावे. जमिनीवरची काडी उचलावयाची ती त्याच्यासाठी उचलावी. काम करता करता त्याच्याशी मनातल्या मनात साधेपणाने बोलत राहावे. दहा ठिकाणांहून दहा मागण्या कानी येत असतानाही गुडघे टेकून बसल्याइतकेच आपले मन शांत असते, असे तो सांगे. मात्र ही अवस्था त्याला सहज मिळाली नव्हती. सुरुवातीची दहा वर्षे मन भटकत राहिले, फार क्लेश झाले, हे त्याने स्वतःच कबूल केले आहे. विस्मरण झाले तर तो हळहळत बसत नसे. चुकलो एवढे देवाला सांगून पुन्हा पूर्वीच्या जागी येई. एकदा मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करावयास त्याला दूर प्रांती पाठविले. व्यवहारज्ञान बेताचे, पाय अधू. नावेत पिंपांवरून गडबडत, सरकत त्याला इकडून तिकडे जावे लागे. पण हे काम तुझेच आहे असे देवाला सांगून तो गेला आणि काम नीट पार पडले. आपल्याकडे दळताकांडताना नाम घेणाऱ्या संतांची परंपरा आहे. जात्याच्या खुंट्याला लागलेला दुसरा अदृश्य हात ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पॅरिसच्या चुलीपुढचा हा लंगडा स्वयंपाकी परका वाटण्याचे कारण नाही.

आता आपल्या प्रदेशात येऊ. वसईतील आणि गोमंतकातील जुन्या कॅथलिक घरांत दिवेलागणीनंतर सारे कुटुंब वेदीपुढे जमे, आणि कित्येक घरांत आजही जमते. मग जपमाळ होते. गोव्यात तिला ‘तेर्स’ म्हणतात. आपल्या माळेत एकशे आठ मणी व मेरू असतो. त्यांच्या माळेत एकोणसाठ मणी व क्रूस असतो. मरियेची प्रार्थना दहा दहांच्या पाच आवर्तनांत म्हटली जाते, प्रत्येक आवर्तनापूर्वी प्रभूची प्रार्थना, आणि प्रत्येक वेळी ख्रिस्ताच्या चरित्रातील एकेका प्रसंगाचे चिंतन. घरातील वडीलधारी व्यक्ती पुढे सांगते, बाकीचे उत्तर देतात. लहान मूल पेंगू लागते, आजी त्याला कोपराने हलविते. जप संपला की मुले मोठ्यांचा आशीर्वाद मागतात. गोव्यात या आशीर्वादाला ‘बेसांव’ असा शब्द आहे. शुभंकरोति झाल्यावर वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची आपली रीत आणि ही रीत यांत अंतर किती? मुंबईच्या गावठाणांत रस्त्याकडेला जे क्रूस दिसतात, त्यांतील कित्येक १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळात उभारलेले आहेत. त्यांच्यापुढे आजही शेजारपाजारची माणसे जमून प्रार्थना म्हणतात.

देशावरील प्रॉटेस्टंट घरांची रीत निराळी. तेथे जपमाळ नाही. बायबलातील एक उतारा वाचावयाचा, एक गीत गावयाचे आणि मग कोणीतरी आपल्या शब्दांत प्रार्थना करावयाची. त्या प्रार्थनेत आजाऱ्याचे नाव येते, परीक्षेला बसलेल्या मुलाचे येते, न पडलेल्या पावसाचाही उल्लेख येतो. जेवणापूर्वी दोन्हीकडे देवाचे आभार मानले जातात, जसे आपण पहिल्या घासापूर्वी श्लोक म्हणतो.

प्रार्थना रोजची व्हावयाची तर ती आपल्या भाषेत असावी लागते. परक्या भाषेतील प्रार्थना पाठ होते, पण ओठांवरून सहज येत नाही. ही गोष्ट प्रथम ओळखली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. जन्माने इंग्रज असलेले हे येशूसंघी धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले, आणि १६१६ मध्ये त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या कानांना त्यांनी ख्रिस्तकथा ओवीतच ऐकविली. पुढे तीन शतकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच कार्य आणखी पुढे नेले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांच्या मनावर तुकोबांचा ठसा कायम राहिला. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानीत. त्यांच्यापूर्वी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत बहुतांशी इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीते गाइली जात. टिळकांनी त्यांना अभंग, भजन व कीर्तन दिले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना धर्मांतराने त्या संसाराला काय भोगावे लागले हे ठाऊक आहेच. त्या वेदनेतून गेलेल्या घरातूनच मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी बसलेली प्रार्थना बाहेर पडली. कॅथलिक उपासना मात्र प्रदीर्घ काळ लॅटिनमध्ये चालत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना वाट मोकळी केली आणि वेदीवरची प्रार्थना मराठीत ऐकू येऊ लागली.

प्रार्थना आणि काम यांची सांगड कशी असते, हे पाहावयाचे तर पंडिता रमाबाईंच्या केडगावकडे पाहावे. १८९६-९७ च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या दुष्काळांत निराधार झालेल्या मुली व स्त्रिया त्यांनी मुक्तिसदनात आणल्या. पहाटेच्या प्रार्थनेनंतर तेथे शेती होई, विणकाम होई, छापखाना चाले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरपर्यंत केले. १९२२ साली त्या निवर्तल्या. १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. ज्यांना समाजाने टाकून दिले होते, त्या स्त्रियांनीच त्याच्या छपाईचे काम केले. रमाबाईंच्या मतांविषयी मतभेद असतील. परंतु रोजच्या प्रार्थनेला त्यांनी रोजच्या भाकरीपासून वेगळे केले नाही, हे कोणालाही नाकारता येणार नाही.

येथवर आम्ही साम्ये सांगितली. परंतु साम्य दाखविताना भेद पुसून टाकणे हा शेजाऱ्याचा सन्मान नव्हे. ख्रिस्ती माणूस प्रार्थना करतो ती ख्रिस्ताच्या नावाने, एका पित्याला उद्देशून. मोक्षाविषयीची, जन्माविषयीची त्याची कल्पना आपल्याहून भिन्न आहे. त्याची माळ आणि आपली माळ हातात सारखीच दिसली तरी तिच्यामागील श्रद्धा वेगळी आहे. ती वेगळी असूनही तिच्यापुढे आदराने उभे राहता येते, यातच आपल्या संस्कृतीचा मोठेपणा आहे असे आम्ही मानतो.

आणि त्यांच्या अडचणी? त्या मात्र नेमक्या आपल्याच आहेत. पहिली अडचण यांत्रिकपणाची. जीभ म्हणते, मन बाजारात असते. निरर्थक बडबडीची आणि लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर केलेल्या प्रार्थनेची निर्भर्त्सना येशूनेच केली आहे. दार लावून एकांतात प्रार्थना करा असे त्याने सांगितले आहे. दुसरी अडचण वेळेची. वसईचा तरुण पहाटेची लोकल गाठतो आणि रात्री परततो. मुलांची शिकवणी, दूरचित्रवाणी आणि प्रत्येकाच्या हातातील मोबाइल यांतून सगळे एका वेळी एका ठिकाणी बसणे दुर्मीळ झाले आहे. आपल्या घरी शुभंकरोतीचे काय झाले आहे, हे वाचकांनी स्वतःशीच विचारून पाहावे. तिसरी अडचण सर्वांत खोल आहे: मागितलेले मिळत नाही. आजारी मूल दगावते, पीक जळते. मग प्रार्थना कशासाठी? याविषयी ख्रिस्ती परंपरेत एक प्रसंग आहे, ज्यापुढे सारे युक्तिवाद थांबतात. अटकेच्या आदल्या घटकेला गेथशेमाने बागेत खुद्द येशूने हा दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली. तो टळला नाही. ज्याने प्रार्थना शिकविली त्याचीच मागणी पुरी झाली नाही. पण ‘माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेने होवो’ या भावाने त्याने ती संपविली आणि तो पुढे आलेल्या गोष्टीला सामोरा गेला. संकट टळण्याची हमी प्रार्थना देत नाही. संकटात पाऊल उचलण्याचे बळ देते, असे या श्रद्धेचे सांगणे आहे.

२०२० साली याची प्रचीती साऱ्या जगाने घेतली. साथीमुळे चर्च बंद होती, देवळेही बंद होती. त्या वर्षीच्या २७ मार्चला तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी रोममधील विशाल चौकात, पावसात, जवळजवळ एकट्यानेच जगासाठी प्रार्थना केली. आपल्याकडे त्या आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका मोजक्या लोकांसह एस.टी. बसने पंढरीला गेल्या. उत्सव थांबले, नाताळची आणि वारीची गर्दी थांबली. त्या दिवसांत ज्या घराला रोज संध्याकाळी एकत्र बसण्याची सवय होती, त्या घराला प्रार्थनेची जागा शोधावी लागली नाही. ज्या घराची भक्ती केवळ यात्रेपुरती होती, त्याला मात्र सुने सुने वाटले. नित्याचे बळ नैमित्तिक थांबल्यावरच कळून येते.

म्हणून आम्हांला वाटते की आजच्या दिवशी खरा विचार करावयाचा तो उद्याचा. उद्या, सव्वीस तारखेला, सणाचा भर ओसरू लागेल. केक संपेल, पाहुणे परततील. त्या सकाळी एखाद्या ख्रिस्ती घरात कोणी नेहमीप्रमाणे उठून चहाच्या आधाणापाशी क्षणभर हात जोडील आणि त्या एका दिवसाची भाकर मागेल, तर नाताळ त्या घरात राहिला असे म्हणता येईल. आणि काल ज्याच्याशी अबोला होता त्याला त्याच दिवशी आपण होऊन हाक मारील, तर ती प्रार्थना पुरी झाली असे म्हणता येईल. वेदीपुढे भेट आणली असता भावाचे आपल्याविषयी काही गाऱ्हाणे आहे असे आठवले, तर भेट तेथेच ठेवून आधी समेट करून यावे, ही येशूची शिकवण आहे. भुकेल्याला अन्न न देता नुसता आशीर्वाद देणे व्यर्थ आहे, असे याकोबाच्या पत्रात बजाविले आहे. देव्हाऱ्याकडे जाण्याचा मार्ग शेजाऱ्याच्या दारावरून जातो, हे संतांच्या भूमीला पटवून द्यावयास नको.

आमच्या हिंदू वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. आज शेजारून ताट येईल तेव्हा तोंडभरून शुभेच्छा द्याव्यात आणि सवड असेल तर त्या घरची संध्याकाळची प्रार्थना कशी असते हे आस्थेने विचारावे. मग आपल्या घरी परतून, दिवेलागण झाली की देवापुढे दिवा लावावा, मुलांना जवळ बसवावे, दूरचित्रवाणी पाच मिनिटे बंद ठेवावी. शुभंकरोति म्हणून झाले की ज्याचे आपल्याशी वाकडे आहे त्याचे नाव एकदा मनात आणावे आणि त्याचे जे काही देणे आपल्या मनाच्या वहीत मांडलेले आहे, ते खोडून टाकावे. एका दिवसात जमणार नाही. म्हणूनच ते रोज करावयाचे.

आमच्या सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींना नाताळच्या मनःपूर्वक शुभेच्छा! त्यांच्या घरची रोजची भाकर आणि रोजची प्रार्थना दोन्ही अखंड राहोत.